जाळी कुठे होती?

हे घडलं एकोणीसशे एकोणऐंशी साली. त्याचं मूळ मात्र आणखी मागे, एकाहत्तरमध्ये आहे, आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एकाहत्तर साली माझी ताई डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होती. काम साधंच. पत्रा आत सरकवायचा, पायाने पायडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा धाडकन येतो, झाकण तयार. ठोकळ्यासमोर तारेची जाळी बोल्टांनी पक्की बसवलेली असते. तिच्याखाली पत्रा जाईल एवढीच फट. फटीतून फार तर नख आत जाईल, बोट नाही. मात्र जाळी असली की झाकण काढायला आकडी वापरावी लागते आणि काम मंदावतं. जाळीचा दोष म्हणाल तर एवढाच.

तिथल्या मुकादमाला बायका उरकमास्तर म्हणायच्या. तो दिवसभर दोन ओळींमधून फिरायचा आणि त्याच्या तोंडी एकच शब्द असायचा, "उरका, उरका!" जेवायला बसल्या तरी उरका, शिंक आली तरी उरका. एकीनं म्हणे त्याला विचारलं होतं, "मास्तर, मरताना तरी सावकाश मरू द्याल ना?" त्यावर तो म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी मर, मग हवी तेवढी सावकाश मर."

त्याने ताईच्या प्रेसची जाळी काढून तेलाच्या पिंपामागे उभी करून ठेवली. तो पान्याने बोल्ट सोडवत होता तेव्हा ताई शेजारीच उभी होती. "हातानं काढ झाकणं, आकडीबिकडी काही नको," तो म्हणाला, "मालकांना माल हवाय." पावसाळा सरेपर्यंत ताई तशीच काम करत राहिली. मग एका दुपारी तिचा हात आत असताना पाय दाबला गेला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मुळाच्या पेरातून गेली.

ताई दवाखान्यात बेशुद्ध होती, तेवढ्यात उरकमास्तरने जाळी पुन्हा चढवली. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले तेव्हा जाळी जागेवर, बोल्ट आवळलेले, फरशी धुतलेली. मास्तरने हात जोडून सांगितलं, "काय करणार साहेब, पोर शेजारणीशी हसत-खिदळत होती. फटीतून बोटं आत सारली. मी ओरडेपर्यंत झालंसुद्धा." शेजारची बाई खाली मान घालून उभी राहिली. तिला घरी तीन लेकरं होती, मी तिला नावं ठेवत नाही. मालकाने हात झटकले. ताईला भरपाई मिळाली ती तोंडाला पानं पुसण्याइतकी.

पण भरपाईचं दुःख ताईला कधी नव्हतं. दुःख वेगळंच होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर आईने तिच्या अंगावर पांघरूण घातलं, कपाळावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "खरंच हसत होतीस का गं तू?"

ताईने भिंतीकडे तोंड केलं.

पुढची आठ वर्षं आमच्या घरात हा प्रश्न असाच पडून राहिला. आई वाईट नव्हती. वडिलांच्या मागे तिने आम्हा दोघींना शिवणकामावर वाढवलं होतं. पण मुकादम म्हणजे मोठा माणूस, साहेबांसमोर तो खोटं कशाला बोलेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ताईच्या हातून पेला निसटला की आईच्या तोंडून निघायचंच, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" बोलून झाल्यावर ती जीभ चावायची, पण बोललेलं परत कसं घेणार? आणि ताईच्या त्या हाताला आईने कधी हात लावला नाही. ताट द्यायचं तर डाव्या हातात द्यायची.

"मला दुसरं काही नको," ताई एकदा मला म्हणाली होती. "त्या माणसानं आईसमोर उभं राहून सांगावं. बास. मग मी मेले तरी चालेल. तो मेला तर आणखी चांगलं."

ताईचा हात तपासणारे डॉक्टर हाडांचे होते. हाताचं कायमचं नुकसान किती, ते ठरवायचं काम त्यांच्याकडे असायचं. कोणतं बोट, कुठल्या पेरापासून, उरलेला सांधा किती वाकतो, टोकाला सुईचा स्पर्श कळतो का, मुठीत जोर किती, हे सगळं ते मोजायचे आणि मग शंभरातला आकडा लिहायचे. हाताच्या हिशेबात अंगठ्याचा मान मोठा, करंगळीचा लहान. दवाखान्यात त्यांना पेरवाले डॉक्टर म्हणत. ताईचा आकडा लिहून झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, मला फक्त किती गेलं एवढंच विचारलंय. कसं गेलं ते कुणी विचारत नाही." ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली असावी. कारण पुढे त्यांनी दवाखान्याच्या मागच्या बाजूला बोटं गेलेल्या हातांना पुन्हा कामं शिकवायची खोली सुरू केली, तेव्हा तिथे एक रीत पाडली. नवीन येणाऱ्याने बाकावर बसून सगळ्यांसमोर सांगायचं, बोटं कशी गेली. खरं सांगायचं, पूर्ण सांगायचं. ते म्हणत, जो सांगत नाही तो हात खिशात ठेवतो, आणि खिशातल्या हाताला काही शिकवता येत नाही.

ताई त्या खोलीत शिकायला गेली आणि शिकवायलाच राहिली. मलाही तिने शेजारच्या कारखान्यात चिकटवलं. कारखाना म्हणजे एकच खोली, तिथे रबरी बोटं बनत. साचे काढणारे एक काका होते, आणि रंग माझ्याकडे. उरलेल्या खुंटाचा प्लॅस्टरचा ठसा घ्यायचा, दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाचा ठसा घ्यायचा, त्यावरून उलट्या बाजूचं बोट मेणात कोरायचं, मग साचा, मग रबर. रंग द्यायला माणूस समोर बसवावा लागतो. सांध्यावरची काळपट घडी, नखाखालचा गुलाबी, शिरांचा निळा. उन्हाळ्याची बोटं वेगळी, हिवाळ्याची वेगळी, कारण हात उन्हाने रापतो आणि रबर रापत नाही. जोडाची रेघ लपवायला बहुतेक जण अंगठी घालायचे. ताईने कधी घातली नाही. "रेघ दिसू दे," म्हणायची.

तर एकोणऐंशी साल. उन्हाळा नुकताच लागला होता. मी रंगाच्या वाट्या धूत होते आणि शिकवायच्या खोलीत एकदम शांतता पसरली. दारातून पाहिलं तर बाकावर उरकमास्तर. केस पिकलेले, उजवा हात खिशात.

ताई टेबलामागे उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही, आवाज ऐकू आला.

"या मास्तर. हात बाहेर काढा. इथे खिसे चालत नाहीत."

त्याने तिला ओळखलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला रंगांची पारख आहे, म्हणून सांगते, तो रंग कुठल्याच वाटीत मिळाला नसता.

हात बाहेर आला. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं.

बाकावर एक सुतार बसायचा, मोठा वात्रट. तो म्हणाला, "घ्या, आणखी एक आला. आता कुणाकडे बोट दाखवणार, मास्तर?" सगळे हसले. ताई हसली नाही.

"इथली रीत आहे," ती म्हणाली. "कशी गेली, ते सांगा."

"प्रेसवर."

"सगळं सांगा."

"नवी मुलगी भराभर करत नव्हती. मी तिला उठवलं, म्हटलं, बघ, असं करायचं. आणि..." त्याने हात पुढे करून दाखवला. बसल्या जागी त्याचा पाय आपोआप दाबला गेला, जणू तिथे पायडल होतं.

"जाळी कुठे होती?"

त्याने हात पुन्हा खिशाकडे नेला.

"जाळी कुठे होती, मास्तर?"

"नव्हती," तो पुटपुटला.

"कधीपासून?"

"हल्लीच... हल्लीच मोडली होती."

"बरं," ताई म्हणाली. "उद्या या. ठसा घ्यायचाय."

त्या संध्याकाळी घरी जाताना मी तिला म्हटलं, "ताई, त्याची बोटं मी अशी रंगवीन ना, प्रेताची वाटतील. मुलं बघून रडतील."

ती रस्त्यात थांबली. "खबरदार. त्याची बोटं सुरेख झाली पाहिजेत. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कर. वाईट केलीस तर लोक त्याची कीव करतील. मला त्याची कीव झालेली नकोय."

दुसऱ्या दिवशी त्याच्या खुंटांचा ठसा आला. काका तो फळीवर ठेवायला गेले आणि तिथेच थबकले. ताईचा जुना ठसा त्या फळीवर होता, कारण बोटं दर दोन-तीन वर्षांनी झिजतात आणि नवीन करावी लागतात. काकांनी दोन्ही ठसे उचलून खिडकीपाशी नेले. तिचे खुंट बारीक, त्याचे जाड. पण छेद तोच. एका बोटाकडून दुसऱ्याकडे जाताना तीच गोलाई. झाकणाची. काकांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी दोन्ही ठसे कितीतरी वेळ उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "हे दोन्ही मला लागतील."

उरकमास्तरचं काय अडलं होतं, ते आठवडाभरात कळलं. त्याने भरपाई मागितली होती. जाळी नव्हती, मालकांच्या हुकमाने काढली होती, असं त्याचं म्हणणं. पण त्याला दवाखान्यात नेताच मालकाने जाळी परत चढवून घेतली आणि वकिलामार्फत सांगितलं, "मुकादमाने निष्काळजीपणाने फटीतून बोटं आत सारली." तीच फट, तेच सारणं. मास्तरनेच शिकवलेलं वाक्य त्याच्यावर उलटलं होतं. कारखान्यातलं कुणी तोंड उघडेना. त्याच्या माहितीत एकच माणूस उरलं होतं ज्याने जाळी पिंपामागे पाहिली होती आणि ज्याला मालकाकडची नोकरी जाण्याची भीती नव्हती. माझी ताई.

तो आधी आडून आडून बोलायचा. मग एके दिवशी टाचण्या उचलायचा सराव करता करता म्हणाला, "ताईबाई, एक विनंती होती."

"टाचणी पडली."

त्याने उचलली. "सुनावणीला आपण याल का? जाळी नसायची एवढंच सांगायचं."

"अंगठा आणि बोट समोरासमोर आणा. बोटाला कळत नाही, डोळ्यानं बघायचं. पुन्हा करा."

"याल ना?"

"बघू," ताई म्हणाली. "आधी शर्टाची बटणं शिका. उरका."

हे असं चैत्र-वैशाख चाललं. बटणं, कुलूप, लेखणी, दोरीची गाठ. तो रोज विचारायचा, ती रोज बघू म्हणायची. शिकवण्यात तिने हातचं काही राखलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याला टाचणीवर टाचणी उचलताना ती ज्या नजरेने पाहायची, तशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. मांजर बिळापाशी बसतं ना, अगदी तशी.

मी रंगवलेली बोटं सुरेख झाली. मास्तरला अंगठीसकट इतकी आवडली, की तो येता-जाता हात समोर धरून चालायचा. आणि मग नव्या बोटवाल्यांची चूक त्यानेही केली. एका सकाळी आला तो हात पुन्हा खिशात घालून. ताईने बाहेर काढायला लावला. मधल्या बोटाचं टोक वितळून काळं झालेलं. बायकोने चुलीवरून तवा उतरवायला सांगितला, याने नेहमीसारखा बोटांनी धरला. चटका बसलाच नाही. वास आला तेव्हा कळलं.

सुतार म्हणाला, "मास्तर, काय फोडणी दिलीत!"

आणि ताई हसली. आधी बारीक, मग मोठ्याने, मग टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसू आवरून ती मास्तरकडे वळली.

"आत्ता हसले मी, मास्तर. नीट लक्षात ठेवा. पुढे कुणाला सांगायचं झालं तर आत्ताचं सांगा."

त्याने मान खाली घातली. ती म्हणाली, "सुनावणीला येते मी."

सुनावणीच्या दिवशी ताईने मला सांगितलं, "आईला घेऊन ये. पुढच्या बाकावर बसव. तिला डाव्या कानानं ऐकू येतं, त्या बाजूनं बसव."

कचेरीची खोली लहान होती. टेबलामागे भरपाईचा निकाल देणारे साहेब, एका बाजूला मालकाचे वकील, दुसऱ्या बाजूला मास्तर, अंगठी घालून. आधी डॉक्टर उठले. त्यांनी मास्तरला बोटं काढायला लावली, कारण नुकसान मोजायचं ते उघड्या हातावर. मास्तरने लाजत काढून खिशात टाकली. डॉक्टरांनी पेरं सांगितली, सांध्यांचं वाकणं सांगितलं, आकडा सांगितला. मग पिशवीतून दोन ठसे काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा यांचा. हा या बाईंचा, आठ वर्षांपूर्वीचा हात. एकच यंत्र, एकच गोलाई. फट पत्र्यापुरती असते. तिच्यातून मुळाच्या पेरापर्यंत बोट जात नाही. दोन्ही वेळा जाळी नव्हती."

वकील म्हणाले, "आठ वर्षांपूर्वीचं इथे कशाला?"

"साक्षीदार मी आहे, म्हणून," ताई उठत म्हणाली. तिने आपली दोन बोटं काढली आणि ठशांपाशी ठेवली. "साहेब, जाळी मी पिंपामागे पाहिली आहे. सांगते. पण ती केव्हाची गोष्ट आहे ते आधी यांनी सांगावं. यांचं म्हणणं, हल्लीच मोडली. हल्लीची असेल तर मला काहीच ठाऊक नाही. मी आठ वर्षांत त्या दारात पाऊल टाकलेलं नाही. मी घरी जाते."

साहेबांनी मास्तरकडे पाहिलं. "बोला. जाळी कधीपासून नव्हती?"

तेव्हा मास्तरच्या ध्यानात आलं की तो कुठे येऊन उभा राहिलाय. हल्लीच म्हणावं, तर साक्षीदार गेली. आठ वर्षं म्हणावं, तर स्वतःचं जुनं खोटं उघडं. त्याने वकिलांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि तिथे बोटं नाहीत हे आठवून खाली आणला.

ताई हळूच म्हणाली, "उरका, मास्तर."

"आठ वर्षं," तो म्हणाला. "मध्ये तपासणीचे साहेब आले की चढवायचो, गेले की काढायचो."

"माझा हात गेला तेव्हा जाळी कुठे होती?"

"पिंपामागे."

"कोणी काढली?"

"मालकांनी माल मागितला. मी काढली."

"परत कोणी चढवली?"

"मीच."

"आणि मी हसत होते?"

मी आईकडे पाहिलं. ती पुढे वाकली होती, कानामागे हात धरून.

"नाही," उरकमास्तर म्हणाला. "हसत नव्हती. कुणीच हसत नव्हतं. मी तिला उरक म्हणून ओरडलो, आणि ती दचकली."

हे ताईलाही आठवत नव्हतं. तिने क्षणभर डोळे मिटले. मग साहेबांना सांगितलं, जे पाहिलं ते सगळं, पान्यासकट. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आपली बोटं उचलून तिने पदराने पुसली आणि न घालताच मुठीत धरून बाहेर आली.

जिन्यात आईने तिचा उजवा हात धरला. खुंट आपल्या तळव्यात घेतले, चाचपून पाहिले, आणि तसाच हात धरून घरापर्यंत चालत आली. वाटेत एवढंच म्हणाली, "किती गार आहेत गं ही."

आता एकेकाचं सांगते. मालकाला दंड झाला, सगळ्या यंत्रांवर जाळ्या लागल्या, आणि दोन वर्षांत त्याने कारखाना विकून टाकला. मास्तरची मागणी साहेबांनी फेटाळली, जाळी काढणारा तो स्वतःच म्हणून. नोकरीही गेली. पुढे तो एका गोदामाच्या दारावर बसायचा. खाली मान घालून उभी राहिलेली ती शेजारीण एकदा घरी येऊन ताईच्या गळ्यात पडून रडली. ताईने तिला चहा दिला, पण फार बोलली नाही. डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले. काका गेले तेव्हा त्यांचे साचे कुणीतरी भंगारात दिले, मी दोन वाचवले. आई आणखी बरीच वर्षं जगली. पेले ताईच्या हातून निसटतच राहिले. आई काही बोलायची नाही, उठून केरसुणी आणायची.

ताईने त्याला माफ केलं का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही केलं. रबरी बोटं झिजतात, हे मी मघाशी सांगितलंच. आजूबाजूला बोटं बनवणारं आमच्याखेरीज कुणी नव्हतं. दर दोन-तीन वर्षांनी उरकमास्तर यायचा, आणि बाकावर नवीन माणसं असायचीच. रीत सगळ्यांना सारखी. ताई टेबलामागून विचारायची, तो सांगायचा, पहिल्यापासून, आधी तिची बोटं, मग आपली. एकदा म्हणाला, "ताईबाई, किती वेळा?" ती म्हणाली, "बोटं झिजतील तितक्या वेळा."

शहाण्णव साली ताई गेली. तिची हिवाळ्याची जोडी माझ्या कपाटात आहे. त्याच्या पुढच्या वर्षी मास्तर आला, काठी टेकत, पार वाकलेला. खोलीत ताईच्या जागी मी होते. बाकावर एक नवीन मुलगी बसली होती, हात ओढणीखाली झाकून. त्याने इकडेतिकडे पाहिलं, ताई नाही हे त्याला समजलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं.

"आता नुसता ठसाच ना?" त्याने मला विचारलं.

मी ताईची खुर्ची ओढली, बसले, आणि त्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात बाहेर काढा, मास्तर. जाळी कुठे होती?"